कुत्र्या-मांजरांचं दुखणं: ओळखायचं कसं आणि घरी काय करायचं

दुखत असेल तर जनावर ओरडेल, ही समजूत आधी सोडायला हवी. शेपटी दारात सापडली की कुत्रा केकाटतो. पण सांधे, दात, कान, पाठ यांचं रोजचं दुखणं तो मुकाट सोसतो, आणि मांजर तर त्याहूनही झाकून ठेवतं. ‘जेवतोय ना, मग ठीक आहे’ हेही खरं नाही. दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेला लॅब्रॅडॉर शेवटपर्यंत ताटली चाटूनपुसून साफ करतो. मांजराने मात्र एक दिवस जरी तोंड फिरवलं तरी त्याकडे लक्ष द्यावं.

दुखणं दिसतं ते बदललेल्या सवयींमध्ये. दारावरची बेल वाजली की धावत येणारा कुत्रा आता जागेवरूनच भुंकतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी क्षणभर थांबतो. बसताना एक मागचा पाय बाजूला काढून बसतो. गुडघा दुखत असला की हे हमखास दिसतं. पाठीवर हात फिरवला की पूर्वी रेलायचा, आता हळूच बाजूला सरकतो. घरातल्या लहान मुलावर कधी न गुरगुरलेला कुत्रा अचानक गुरगुरला, तर त्याला रागावण्याआधी त्याचं काय दुखतंय ते शोधा. एकच जागा सारखी चाटणं हीसुद्धा खूण आहे. पांढऱ्या केसांच्या कुत्र्यांत चाटलेली जागा लाळेने तांबूस होते आणि ती बरेचदा नेमकी दुखऱ्या सांध्यावर असते.

मांजराचं वेगळं. ते लंगडत नाही, कारण बहुतेकदा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतात. ते उड्या कमी करतं. फ्रिजवर एका झेपेत जाणारं मांजर आधी खुर्ची, मग ओटा, मग फ्रिज असं टप्प्याटप्प्याने जाऊ लागतं, आणि काही महिन्यांनी जातच नाही. पाठीच्या मागच्या भागाला जीभ पोचत नाही म्हणून तिथल्या केसांच्या जटा होतात. नखं घासणं कमी झाल्याने ती वाढतात आणि फरशीवर टकटक वाजतात. मातीचा ट्रे सोडून शेजारी शू करणं हा खोडसाळपणा नसतो. ट्रेची उंच कड ओलांडताना कळ येते. अमेरिकेत २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज होती. म्हणून ‘म्हातारी झालीय, झोपून असते’ हे वाक्य आपल्या तोंडी आलं की सांध्यांची तपासणी करून घ्यायची वेळ झाली असं समजा. मांजर घुरघुरतंय म्हणजे खुशीतच आहे असंही नाही. दुखतानाही ते घुरघुरतं.

चेहरा वाचायला शिका

मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पद्धत कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केली आणि ती घरीही वापरता येते. पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. कान: पुढे ताठ असतील तर ०, एकमेकांपासून थोडे फाकले तर १, बाजूला वळून चपटे झाले तर २. डोळे: पूर्ण उघडे ०, अर्धवट मिटलेले १, किलकिले २. तोंडाचा पुढचा भाग: सैल आणि गोल ०, ताणून लांबट दिसू लागला की २. मिशा: सैल, खाली वळलेल्या ०, सरळ ताठ होऊन पुढे आलेल्या २. डोकं: खांद्याच्या रेषेपेक्षा वर ०, रेषेत आलं तर १, खाली झुकलं किंवा हनुवटी छातीकडे गेली तर २. दहापैकी चार किंवा जास्त गुण भरले तर वेदनाशामक द्यायची गरज आहे असं धरतात.

यात फसगत कुठे होते? पेंगुळलेल्या मांजराचे डोळेही मिटलेले असतात. ते जागं असताना, खात नसताना, अंग चाटत नसताना, ओरडत नसताना अर्धा मिनिट पाहा. काही मिनिटांनी पुन्हा पाहा. मोबाइलवर समोरून फोटो काढून ठेवला तर आणखी बरं. मांजर धडधाकट असतानाच असे दोन-चार फोटो काढून ठेवले तर पुढे तुलनेला उपयोगी पडतात.

कुत्र्यांसाठी दवाखान्यात ग्लासगो विद्यापीठाची प्रश्नावली वापरतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा अपघातानंतर २४ पैकी ६ गुण झाले की औषध वाढवायचा विचार होतो. घरी एवढं करायची गरज नाही, पण धाप मात्र नीट पाहा. विश्रांतीत असताना धाप लागणं हे दुखण्याचं लक्षण आहे, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते उकाड्यात सहज दडून जातं. म्हणून पहाटे किंवा पंख्याखाली गाढ झोपलेला असताना श्वास मोजा: छाती वर-खाली झाली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या वर आकडा रोज येत असेल तर डॉक्टरांना कळवा. कारण दुखणं असेल, हृदय असेल किंवा फुप्फुस.

हात लावून कसं तपासावं

कुत्रा शांत असताना, चटईवर उभा करून, डोक्यापासून सुरुवात करा. एक पाय लंगडतोय असं वाटत असेल तर आधी चांगला पाय तपासा. सुरुवातीलाच कळ निघाली तर पुढे तो कुठेच हात लावू देत नाही. बोटांच्या फटी, नखांची मुळं, पंजाच्या गाद्या पाहा. काटा, काच, अर्धवट तुटलेलं नख, बोटांत घुसलेली गोचीड ही लंगडण्याची अगदी साधी कारणं इथेच सापडतात. मग एकेक सांधा हळू दुमडा, हळू उघडा. या वेळी नजर पायावर ठेवू नका, चेहऱ्यावर ठेवा. कान मागे गेले, ओठ चाटला, श्वास रोखला, मान वळवून तुमच्या हाताकडे पाहिलं, की तो सांधा सापडला. तिथे थांबा. खात्री करायला पुन्हा दाबू नका. शेवटी दोन्ही मांड्या दोन्ही हातांत धरून जाडी ताडून पाहा. दुखरा पाय कुत्रा कमी वापरतो आणि त्या मांडीचा स्नायू काही आठवड्यांतच उतरतो. डोळ्यांना दिसण्याआधी तो हाताला लागतो.

पाठ कमानीसारखी धरून उभा असेल, मान वळवत नसेल किंवा मागचे पाय लटपटत असतील तर हे काहीही करू नका. मणक्याचा प्रश्न असू शकतो.

तोंडासाठी एवढंच: एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, कोरडं खाणं सोडून मऊ शोधणं, डोळ्याच्या खाली सूज. ही सूज पुष्कळदा डोळ्याची नसते, वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची असते.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट कायम डोक्यात असावी. आज हा पाय, परवा तो पाय असं लंगडणं फिरत असेल, सोबत ताप आणि मलूलपणा असेल, तर गोचीडताप तपासून घ्या. रक्ताची तपासणी न करता अशा कुत्र्याला नुसतं वेदनाशामक दिलं तर लंगडणं तात्पुरतं दबतं आणि आजार आत वाढत राहतो.

डॉक्टरांकडे काय न्यावं

दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेला कुत्रा लंगडायचं विसरतो. म्हणून घरूनच चित्रफीत न्या. सपाट जागी, सैल पट्ट्यावर, साध्या चालीने चालताना समोरून, मागून आणि बाजूने वीस-तीस सेकंद. धावताना नको. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा (कमरेमागचा भाग) जास्त वर-खाली होतो. मोबाइलवरच्या संथ गतीच्या चित्रणात हे छान दिसतं. मांजराचं चित्रण उडी मारताना, जिना उतरताना आणि ट्रेमध्ये शिरताना करा.

सोबत एक वही. तुमच्या जनावराच्या रोजच्या तीन ठरावीक गोष्टी निवडा: सोफ्यावर चढणं, दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढणं, सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं, काहीही चालेल. प्रत्येकीला आठवड्यातून एकदा ० ते ४ गुण द्या. ० म्हणजे पूर्वीसारखं, ४ म्हणजे जमतच नाही. औषध सुरू करण्याआधीचे गुण असतील तरच औषधाने फरक पडला का ते कळतं. ‘थोडं बरं वाटतंय बहुतेक’ या उत्तरावर डॉक्टरांना मात्रा ठरवता येत नाही.

माणसांच्या गोळ्या नकोत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही मायेपोटी.

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाच्या यकृतात ज्या मार्गाने हे औषध निकामी होतं तो मार्ग मांजरात फार दुबळा आहे, त्यामुळे विषारी घटक साठतात, तांबड्या पेशी खराब होतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. क्रोसिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे चार किलोच्या मांजराला किलोमागे १२५ मिलिग्रॅम. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं, जे कुत्र्याच्या पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. डायक्लोफिनॅकचंही तसंच. डॉक्टरांनी ट्रामाडॉल हे वेदनाशामक लिहून दिलं असेल तर दुकानातून आणताना पाकीट वाचा. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात आणि दुकानदार सहज त्या हातात ठेवतो.

मलम आणि बामही नको. व्होलिनी, मूव्ह, आयोडेक्स, झंडू बाम, जे लावाल ते जनावर चाटून पोटात घेणार. या मलमांतला मिथाइल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या कुळातला आहे आणि कापूरही विषारी. तुम्ही स्वतःच्या गुडघ्याला वेदनाशामक मलम लावून मांजराला मांडीवर घेतलंत तरी धोका आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अशा मांजरांबद्दल इशारा दिला होता: मालकांनी स्वतःला लावलेल्या फ्लर्बिप्रोफेनच्या मलमामुळे काही आजारी पडली, काही दगावली. लावल्यावर हात धुवा, जागा कपड्याने झाका.

गोळी पोटात गेलीच असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. किती वाजता, किती गोळ्या हे लिहा, पाकीट घ्या आणि निघा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो काही तासांच्या आत द्यावा लागतो.

खेड्यात घर असेल तर गोठ्यातली जुनी इंजेक्शनंही कुत्र्याला टोचू नका. औषध दिलेलं जनावर मेल्यावर ते खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामकांवरही आली. जुनी बाटली फडताळात राहिली असेल तर टाकून द्या.

डॉक्टरांनी दिलेलं औषध नीट द्यायचं म्हणजे काय

सांध्यांच्या दुखण्यावर बहुधा मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन सुरू होतं. ही औषधं दाह कमी करतात, पण त्याच वाटेने पोटाचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारे घटकही कमी होतात. म्हणून उपाशीपोटी देऊ नये, आणि उलट्या, जुलाब होत असतील किंवा पाणी पीत नसेल त्या दिवशी मुळीच देऊ नये. कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला धक्का बसतो. खाणं सोडलं, उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली तर पुढची मात्रा न देता फोन करा. लांब मुदतीचं औषध असेल तर सुरू करण्याआधी, दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर दर काही महिन्यांनी यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या.

खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्वचेचा डॉक्टर वेगळा आणि लंगडण्याचा वेगळा असला की ही दोन औषधं नकळत एकत्र पडतात आणि पोटाला छिद्रं पडण्यापर्यंत मजल जाते. एक बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये साधारण पाच-सात दिवस मोकळे ठेवतात.

मात्रेची चूक कशी होते ते आकड्यांत पाहा. कुत्र्यांसाठीच्या द्रव मेलॉक्सिकॅममध्ये बहुधा एका मिलिलिटरमध्ये १.५ मिलिग्रॅम औषध असतं, मांजरांसाठीच्यात ०.५. चार किलोच्या मांजराला डॉक्टरांनी ०.२ मिलिग्रॅम सांगितलं तर मांजराच्या बाटलीतून ०.४ मिलिलिटर होतं. तेच ०.४ मिलिलिटर कुत्र्याच्या बाटलीतून दिलं की तिप्पट औषध गेलं. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, बाटलीवरचा आकडा ताडून पाहा, आणि चमच्याने किंवा थेंबांनी न मोजता सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने मोजा. मांजराला हे औषध एरवीही फार जपून देतात. कुत्र्याचं उरलेलं मांजराला देऊ नये.

नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन लिहून दिलं तर पहिले काही दिवस झोप आणि झोकांड्या दिसतात. तेवढे दिवस जिन्याचं दार बंद ठेवा. माणसांसाठीचं द्रव औषध मिळत असेल तर त्यात झायलिटॉल हा गोडीसाठी घालतात तो पदार्थ नाही ना हे लेबलवर पाहा, कुत्र्याला ते विष आहे. बरेच दिवस चालू असलेलं गॅबापेंटिन एकदम थांबवू नये. कडू गोळीने मांजराच्या तोंडाला फेस येतो, तो चवीमुळे असतो. गोळी चिकनच्या तुकड्यात किंवा पोळीच्या लाडूत दडवा. आधी एक रिकामा घास, मग औषधाचा, लगेच तिसरा रिकामा. मनुका, चॉकलेट, कांद्याचा रस्सा यांत कधीच नको.

शस्त्रक्रियेनंतरचं औषध ‘दुखलं तर’ द्यायचं नसतं, वेळेवर द्यायचं असतं. कळ चढल्यावर ती उतरवायला जास्त औषध लागतं. नसबंदीच्या रात्री कुत्रा रडत असेल तर ते भुलीचंही असू शकतं. जखमेच्या आजूबाजूला अलगद हात लावून पाहा: तिथेच वळून पाहतो, अंग आखडतो, तर दुखतंय, कुठेही हात लावला तरी सारखाच भ्रमिष्ट असेल तर भूल उतरायची आहे. कोणत्याही स्थितीत दुसऱ्या दिवशी त्याने थोडं तरी खायला हवं.

घर बदला

याचा फायदा लोकांना खरा वाटत नाही, पण जुनाट सांधेदुखीत निम्मं काम इथे होतं.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स सांधे झिजलेल्या कुत्र्याच्या वैरी आहेत. प्रत्येक पावलाला पाय फाकतो. पाणी, जेवण, झोप आणि दार यांना जोडणारी न सरकणाऱ्या चटयांची वाट करा. जुन्या योगासनांच्या चटया कापून चालतात. सतरंजी एकटी घालू नका, ती स्वतःच सरकते. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं इतकी ठेवा की उभं असताना जमिनीला टेकणार नाहीत. स्कूटरच्या पायठेवणीवरून किंवा गाडीच्या सीटवरून उडी मारून उतरणं बंद करा, उचलून उतरवा. मांजराच्या ट्रेची एक कड पाच-सात सेंटीमीटरपर्यंत कापा आणि आवडत्या खिडकीखाली मधली पायरी म्हणून स्टूल ठेवा.

वजन. छातीच्या बाजूने हात फिरवताना बरगड्या उघड्या, सपाट धरलेल्या हाताच्या पाठीवरच्या हाडांइतक्या सहज लागायला हव्यात. जाडसर थराखाली शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. लठ्ठ आणि सांधेदुखी असलेल्या कुत्र्यांच्या एका अभ्यासात वजन सुमारे सहा टक्के उतरलं तेव्हाच लंगडणं कमी झालेलं दिसलं. छत्तीस किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी ते दोन किलोंच्या आसपास आहे. चहासोबतची बिस्किटं आणि प्रत्येकाच्या ताटातला पोळीचा तुकडा बंद केला तरी सुरुवात होते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या डब्यांवर खर्च करण्याआधी हे करा, त्या डब्यांमागचा पुरावा कच्चा आहे. माशाच्या तेलाचा थोडा उपयोग दिसतो, मात्रा डॉक्टरांना विचारून.

व्यायाम रोज सारखा ठेवा. दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या चांगल्या. आठवडाभर काही नाही आणि रविवारी टेकडी, हे वाईट. औषधाने बरं वाटू लागलं की कुत्रा स्वतःच जास्त पळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडतो. तेव्हा औषध लागू पडत नाही असं वाटतं, खरी चूक फेरीची असते.

ताज्या मुक्या माराला पहिले दोन-तीन दिवस बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून, दहा मिनिटं, दिवसात तीन-चार वेळा. जुन्या आखडलेल्या सांध्याला ऊब. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये घ्या, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग दहा-पंधरा मिनिटं. जनावर उठून जाऊ लागलं तर जाऊ द्या.

औषधं, घर, वजन सगळं करूनही वहीतले गुण महिनोनमहिने वाढतच असतील, तर कॅलेंडरवर चांगला दिवस आणि वाईट दिवस अशी खूण करायला लागा आणि ते कॅलेंडर डॉक्टरांसमोर ठेवा. वाईट दिवस जास्त झाले तर दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. त्यात आधी गुंगीचं औषध देऊन मग शेवटचं इंजेक्शन द्या, असं आपण मागू शकतो.

रात्रीच निघावं लागेल अशी दुखणी

बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि शू होत नाही: मूत्रमार्ग बंद झालाय, बद्धकोष्ठ समजून थांबू नका. मोठ्या कुत्र्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलंय आणि ओकाऱ्या काढूनही काही पडत नाही. मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडले, ते किंचाळतंय. कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले. डोळा घट्ट मिटलाय किंवा बुबुळ धुरकट झालंय. पुढचं अंग जमिनीला आणि पुठ्ठा वर अशा आसनात कुत्रा सारखा थांबतोय, सोबत उलट्या. सशाने काही तास काहीही खाल्लं नाही, दात करकर वाजवतोय. पक्षी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय.

दुखऱ्या जनावराला उचलताना मालकालाही चावा बसतो. कुत्र्याच्या तोंडाला गॉज पट्टीचा किंवा मऊ ओढणीचा फास घाला: नाकाच्या वर एक गाठ, हनुवटीखाली एक, मग कानांमागे सुटी गाठ. उलट्या, धाप किंवा पगसारखं चपटं नाक असेल तर बांधू नका, डोक्याभोवती जाड टॉवेल पुरे. मणक्याची शंका असेल तर कपाटाची फळी किंवा दोघांनी ताणून धरलेली चादर वापरा. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून वरून उघडणाऱ्या टोपलीत ठेवा.

रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे आजच विचारून ठेवा आणि निघण्याआधी फोन करा. मोठ्या शहरांत चोवीस तासांचे खासगी दवाखाने आहेत. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात जुनं मोठं रुग्णालय आहे, त्याच्या वेळा विचारून घ्या. फोनवर सांगा: वजन, वय, नर की मादी, केव्हापासून, शेवटचं खाणं आणि शू केव्हा, चालू असलेली औषधं, आणि गेल्या चोवीस तासांत कुठलीही वेदनाशामक गोळी दिली असेल तर ती. घरची गोळी दिली असेल तर ती लपवू नका, कारण तिच्यावर डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं तर दोन्ही मिळून जीव घेऊ शकतात.